सही झाल्यानंतरची चूक

नागपूरच्या एका खटल्यातली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०२५ रोजी बाजूला काढली, तेव्हा त्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला नेहमीची एकही जागा उरलेली नव्हती. गुन्हा २००८ सालचा, चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि तिचा खून. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अपील आणि २०१७ मध्ये फेरविचार याचिका फेटाळली. पुढे राज्यपालांनी आणि मग राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज नाकारला. इतके सगळे झाल्यावर आरोपीच्या वकिलांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली रिट याचिका केली. न्या. विक्रम नाथ, न्या. संजय करोल आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने दोषसिद्धीला हात लावला नाही. शिक्षेवर मात्र नव्याने सुनावणी व्हावी, असे म्हणून त्यांनी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. ज्या न्यायालयाने दोनदा ‘नाही’ म्हटले, त्याच न्यायालयाने तिसऱ्यांदा ‘पुन्हा बघू’ म्हणावे, हे अनेकांना खटकले आणि त्यात काही गैर नाही. असे असेल तर मुलीच्या आईवडिलांनी खटला संपला असे कधी समजायचे? या प्रश्नाला भावनेच्या भरात उत्तर देण्यात अर्थ नाही, आणि ‘मानवी हक्क’ एवढे दोन शब्द फेकूनही तो मिटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की न्यायालयाने स्वतःच्या निकालावर स्वतःच कुलूप लावणे योग्यच आहे. मात्र ते कुलूप कोणत्या कारणांसाठी उघडेल हे कायद्यात आधीपासून लिहिलेले असायला हवे. आपल्याकडे ती कारणे एकेका खटल्यातून, एकेका पीठाच्या विवेकातून आणि पुष्कळदा निव्वळ योगायोगातून घडत गेली आहेत.

आधी कुलूप कसे आहे ते पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०३ सांगते, की फौजदारी न्यायालयाने निकालावर सही केली की लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक दुरुस्त करण्यापलीकडे त्याला त्या निकालात बदल करता येत नाही. हे कलम नवे नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३६२ होते आणि इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत ३६९. वरच्या न्यायालयात अपील करता येते, तो मुद्दा निराळा. येथे प्रश्न त्याच न्यायालयाचा आहे. सकाळी सही केलेल्या न्यायाधीशाला दुपारी आपली चूक उमगली, तरी त्या फाइलवर त्याचा अधिकार उरलेला नसतो. उच्च न्यायालयाला न्यायासाठी काहीही करण्याचे जे अंगभूत अधिकार आहेत, ते वापरूनही हे कलम ओलांडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच सांगितले आणि पुढे अनेकदा बजावले.

हा नियम रोजच्या व्यवहारात किती कठोर ठरतो, हे फाशीच्या नव्हे तर चोरीच्या एका प्रकरणात स्वच्छ दिसते. उत्तर प्रदेशातल्या हापूडमध्ये वीज वितरणाच्या साहित्याच्या चोरीचे नऊ खटले एकाच माणसावर होते. प्रत्येक खटल्यात त्याला दोन वर्षांची कैद झाली. या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे निकालपत्रांत लिहायचे राहिले. कैद भोगत असलेल्याला दुसरी शिक्षा झाली, तर ती पहिली संपल्यावर सुरू होते, असा सर्वसाधारण नियम आहे. न्यायालयाने वेगळे लिहिले तरच वेगळे होते. तुरुंगाने बेरीज केली आणि तारा चोरल्याबद्दल अठरा वर्षे असा हिशेब झाला. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने नऊही शिक्षा एकत्र भोगायच्या आहेत असे फर्मावले, तेव्हा तो माणूस सुटला. आता ही चूक लेखनाची म्हणायची की विचाराची? ‘एकत्र’ हा शब्द न्यायाधीशांना लिहायचा होता आणि राहून गेला, की तो त्यांच्या मनातच आला नाही, हे कागदावरून कळत नाही. कायद्याने परवानगी दिलेली दुरुस्ती फक्त पहिल्या प्रकारची आहे. दिल्लीपर्यंत पोचण्याची ऐपत किंवा नशीब नसलेले असे किती कैदी बेरजेत अडकले असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

तरीही हा नियम काढून टाका असे मी म्हणणार नाही. त्याची गरज पटण्यासाठी भोपाळचे उदाहरण पुरेसे आहे. वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आरोप सौम्य केला. सदोष मनुष्यवधाऐवजी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम लागले आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने तीच दोन वर्षे दिल्यावर देशभर संताप उसळला. मग केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ चा निकालच बदलून मागण्यासाठी क्युरेटिव्ह याचिका केली. पाच न्यायाधीशांच्या पीठाने मे २०११ मध्ये ती फेटाळली. चौदा वर्षे गप्प का बसलात, याचे समाधानकारक उत्तर सरकारजवळ नव्हते. भोपाळच्या पीडितांच्या बाजूने विचार केला तर हा निकाल जिव्हारी लागतो. पण त्या दिवशी न्यायालयाने होकार दिला असता, तर जनक्षोभ उसळला की जुन्या निकालातला आरोप वाढवून मागायचा, असा पायंडा पडला असता. सत्तेवर कोणताही पक्ष असो, हे हत्यार त्याच्या हाती पडले असते आणि ते नेहमी बड्या कंपनीवरच चालले असते असे मानण्याचे कारण नाही. निकाल अंतिम असणे हे कैद्यालाही संरक्षण देते, ही गोष्ट फाशीच्या चर्चेत हमखास विसरली जाते.

कुलूप हवे हे मान्य केले, तर किल्ली कोणत्या कारणासाठी फिरावी हा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्या निकालाचा फेरविचार करण्याचा अधिकार अनुच्छेद १३७ देतो. पण तो नियमांच्या चौकटीत, आणि त्या नियमांत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. जमिनीच्या किंवा पैशाच्या दाव्यात हरलेला पक्षकार, आधी हाती न लागलेला नवा पुरावा सापडला म्हणून फेरविचार मागू शकतो. फौजदारी प्रकरणात मात्र नियमाच्या शब्दांप्रमाणे एकच कारण चालते, ते म्हणजे निकालाच्या कागदांवरच उघड दिसणारी चूक. शेताच्या बांधाला नवा पुरावा चालतो आणि माणसाच्या मानेला चालत नाही. न्या. कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्ये घटनापीठाच्या निकालात या शब्दांचा अर्थ जरा सैल करून ही विसंगती झाकण्याचा प्रयत्न केला. त्याच निकालाने मात्र फेरविचार याचिका न्यायाधीशांनी आपल्या दालनात, वकिलाचे तोंडी म्हणणे न ऐकता, कागद फिरवून निकालात काढण्याच्या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले. फेरविचारानंतरची पायरी म्हणजे क्युरेटिव्ह याचिका. ती ना घटनेत लिहिलेली आहे ना संहितेत. २००२ मध्ये एका गुजराती दांपत्याच्या घटस्फोटाच्या वादात न्यायालयाने ती निर्माण केली. तिच्यासाठी ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि ती आधी सर्वांत ज्येष्ठ तीन न्यायाधीशांकडे जाते. सुनावणीच न मिळणे किंवा न्यायाधीशाचा पक्षपात यांसारखी कारणे असतील तरच तिचा विचार होतो. घटस्फोटासाठी घडवलेल्या या साधनावर पुढे माणसांचे जीव टांगले गेले.

या व्यवस्थेत योगायोगाचा वाटा केवढा असतो, ते १९८१ सालच्या एका प्रकरणातून समजते. उत्तर प्रदेशातल्या एकाच हत्याकांडात, एकाच पुराव्यावर, सारखाच सहभाग असलेल्या तिघांना फाशी झाली होती. तिघांनी सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी अर्ज केले आणि ते वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाचा १९७६ मध्ये फेटाळला गेला. दुसऱ्याला १९७७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप मिळाली. तिसऱ्याचा अर्ज आणि मग फेरविचार दोन्ही फेटाळले गेले. आपल्याच न्यायालयाने सहआरोपीला वाचवले आहे, ही गोष्ट त्या पीठांच्या हिशेबात आलीच नाही. ६ ऑक्टोबर १९८१ ला पहिल्याला आणि तिसऱ्याला फासावर जायचे होते. तिसऱ्याने ऐन वेळी रिट याचिका केली म्हणून त्याची फाशी थांबली. पहिल्याने केली नाही आणि तो ठरल्या दिवशी फासावर गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८२ मध्ये या प्रकरणात निकाल लिहिला. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज आधीच नाकारला होता. त्यामुळे त्यांचा मान राखून न्यायालयाने स्वतः शिक्षा बदलली नाही, ती कमी करावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली. सौजन्य म्हणून हे शोभले, पण नियम म्हणून त्यातून काहीच हाती आले नाही. पुढचा कैदी पुन्हा पहिल्या पायरीवर.

नियम यायला २०१४ साल उजाडले. त्या वर्षी २ सप्टेंबरला घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की फाशीच्या शिक्षेचा फेरविचार तीन न्यायाधीशांपुढे, खुल्या न्यायालयात, वकिलाचे म्हणणे ऐकून व्हावा. वेळेची कमाल मर्यादा अर्धा तास. न्या. रोहिंटन नरिमन यांनी दिलेले कारण सच्चे होते. एकाच पुराव्यावर दोन शहाणे न्यायाधीश दोन वेगळ्या निष्कर्षांना येऊ शकतात आणि त्यातला एक निष्कर्ष परत न फिरवता येणारा असतो. ज्यांचा फेरविचार आधी दालनातच फेटाळला गेला होता आणि फाशी व्हायची होती, त्यांनाही या निकालाने पुन्हा अर्ज करण्याची मुभा दिली.

त्या अर्ध्या तासाचे मोल नाशिकने दाखवले. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका मळ्यातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली आणि सहाही जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये त्या तिघांनाही परत फाशीवर नेले आणि फेरविचार फेटाळला. २०१४ च्या नियमामुळे प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा तीन न्यायाधीशांच्या पीठाने कागद नव्याने वाचले. त्या कागदांत एक गोष्ट पहिल्यापासून होती. हल्ल्यातून वाचलेल्या बाईला घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांची फाइल दाखवली होती आणि तिने त्यातून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचे पुढे काय केले, याचा तपासात पत्ता नव्हता. फाइल दडवलेली नव्हती, ती खटल्याच्या कागदांतच होती आणि तीन पातळ्यांवरच्या न्यायाधीशांच्या नजरेखालून गेली होती. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश झाला. त्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात काढलेल्या या माणसांची फाशी २०१० नंतर कधीही अमलात आली असती, तर आज हे उदाहरण द्यायला कागदच उरले असते.

मात्र खुल्या सुनावणीने सगळे भागते, असेही नाही. नोएडाजवळच्या निठारी हत्याकांडात फाशी सुनावलेल्या एका माणसाच्या फेरविचाराची २०१४ च्या ऑक्टोबरात खुली सुनावणी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाला आपल्या २०११ च्या निकालात चूक आढळली नाही. त्याआधीच्या महिन्यात मेरठच्या तुरुंगात फाशीची तयारी होऊन ती ऐन वेळी थांबली होती. २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबाच्या कारणावरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, म्हणून तो माणूस जिवंत राहिला. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने त्याच स्वरूपाच्या बारा खटल्यांत त्याला निर्दोष सोडले आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कबुलीजबाब तोच, तपास तोच. बारा खटल्यांत अविश्वसनीय ठरलेला पुरावा तेराव्यात विश्वसनीय कसा राहील? ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने क्युरेटिव्ह याचिका मान्य करून त्या शेवटच्या खटल्यातही त्याची सुटका केली. एक चूक दुरुस्त व्हायला बारा इतर खटले आणि एक सरकारी दिरंगाई उपयोगी पडली.

दिरंगाईचा विषय निघालाच आहे, तर त्यातला विरोधाभास नोंदवायला हवा. दयेच्या अर्जावर सरकारने अकारण वेळ लावला तर फाशी रद्द होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये ठरवले. त्या आधारावर कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेवर आणली, कारण अर्ज जवळजवळ आठ वर्षे रेंगाळला होता. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनातल्या दोघांची फाशीही विलंबामुळेच टळली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मोहोर उठवली. या दोन्ही प्रकरणांत दोषाबद्दल कुणालाच शंका नव्हती. मंत्रालयातली फाइल हलली नाही म्हणून शिक्षा बदलते. पण आपण गुन्हा केलाच नाही, असे सांगणारा नवा कागद सापडला, तर तो कुठे द्यायचा हे संहितेत लिहिलेले नाही.

एका बाबतीत मात्र संसदेने स्वतःहून लिहून ठेवले आहे आणि माझ्या युक्तिवादाचा सगळ्यांत भक्कम पुरावा तोच आहे. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो, असे बालन्याय कायदा २००६ च्या दुरुस्तीपासून सांगतो. १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली. ते राठी हत्याकांड त्या पिढीच्या पुणेकरांच्या अजून स्मरणात आहे. त्यातल्या एका दोषीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केली होती. अठरा वर्षांनी त्याने अल्पवयाचा दावा केला. न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या सरकारी शाळेची नोंद पुढे आली, त्यात नावही थोडे वेगळे होते. ते नाव याच माणसाचे, हे आधी सिद्ध करावे लागले. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२, म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय साडेबारा. २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने तो दावा मान्य केला. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिलेल्या या माणसाला कायद्याने मुळात जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. गुन्हा त्याने केला नाही, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्या वयाच्या मुलाला अशी शिक्षा देण्याचा अधिकारच राज्याला नव्हता, एवढेच म्हटले. कारण नेमके आहे, सिद्ध करण्याची पद्धत ठरलेली आहे, चौकशी कोण करणार हेही ठरलेले आहे. ही मुभा असल्याने न्यायव्यवस्था कोलमडली, असे कुणी दाखवून दिलेले नाही.

आता नागपूरकडे परत येऊ, कारण तेथे कायद्याची लिखित वाट नव्हती. राज्याची हरकत अशी, की सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अनुच्छेद ३२ च्या याचिकेने उलटता येत नाही. या हरकतीला वजन आहे आणि तिचे मूळ मुंबईत आहे. १९६४ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्या. वि. म. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. वार्ताहर नरेश मिरजकर त्याविरुद्ध मूलभूत हक्कांचा दावा घेऊन दिल्लीला गेले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९६६ मध्ये सांगितले, की न्यायालयाचा न्यायिक आदेश मूलभूत हक्काचा भंग करतो असे म्हणून त्यावर रिट मागता येत नाही. न्या. हिदायतुल्ला असहमत राहिले. पुढे २००२ मध्ये क्युरेटिव्ह याचिका निर्माण करतानाही न्यायालयाने हेच तत्त्व मान्य ठेवले. मग २०२५ मध्ये तीन न्यायाधीशांनी ते ओलांडले का? निकाल म्हणतो, की हा जुन्या निकालावरचा हल्ला नव्हे. फाशी देण्यापूर्वी आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, घरची आणि सामाजिक परिस्थिती यांचे अहवाल मागवावेत, असे न्या. उदय लळित यांच्या पीठाने मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात बंधनकारक केले. ते न पाहता दिलेली फाशी अमलात आणायची असेल, तर त्या अंमलबजावणीलाच समतेच्या आणि जीविताच्या हक्काचा अडथळा येतो. म्हणून दोष कायम, शिक्षेची सुनावणी मात्र पुन्हा. ही वाट नेहमीसाठी नाही, स्पष्ट आणि ठोस भंग असेल तरच, असा इशाराही त्यात आहे.

मला या युक्तिवादाचा निष्कर्ष पटतो, पण त्याची मांडणी थोडी चाचपडल्यासारखी वाटते. खरे कारण अधिक साधे आहे. दोष ठरवताना न्यायालय होऊन गेलेल्या घटनेकडे पाहते आणि ती घटना बदलत नाही. शिक्षा ठरवताना ते समोरच्या माणसाकडे पाहते, किंवा पाहायला हवे. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहा असे सांगितले होते. पुढे एका पीठाने राजस्थानातल्या रावजी खटल्यात फक्त गुन्ह्याकडे पाहिले. रावजीला १९९६ मध्ये फाशी झाली. मे २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रावजी खटल्याचा निकाल बच्चनसिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला होता आणि त्याच्या आधारे आणखीही काही निकाल दिले गेले. चूक मान्य झाली, पण ज्याच्याबाबत झाली तो माणूस तेरा वर्षांपूर्वीच गेला होता. जन्मठेपेच्या कैद्याच्या बाबतीत पुढे केव्हातरी सरकार शिक्षेत सूट देताना त्या माणसाकडे पुन्हा पाहते. फाशीत तशी दुसरी नजर नसते. शिवाय २००८ पासून सर्वोच्च न्यायालय कधी कधी ‘तीस वर्षे सूट नाही’ अशा जन्मठेपा देऊ लागले आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. राष्ट्रपती आणि राज्यपालांचे अधिकार त्यात शाबूत राहिले, संहितेतली सूट मात्र गेली. सरकारची ती नजर न्यायालयाने स्वतः बांधली असेल, तर पंधरा-वीस वर्षांनी स्वतः डोकावण्याची जबाबदारी त्यानेच घ्यायला हवी. याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो आणि तो नैतिकदृष्ट्या सर्वांत जड आहे. खटला वर्षानुवर्षे पुन्हा उघडत राहिला, तर त्या कुटुंबाची जखम भरत नाही. हे खरेच आहे. मात्र ही वेदना वाढते ती कारणे आणि मुदती ठरलेल्या नसल्याने. कधी आणि कशासाठी याचिका होईल हे आधीच माहीत असेल, तर निदान तिचा शेवट कळतो. आणि नाशिकच्या त्या बाईने ज्या चौघांना ओळखले होते, त्यांच्यावर सोळा वर्षे कुणी बोट ठेवले नाही. चुकीच्या माणसांना धरून ठेवून तिला कोणता न्याय मिळाला? दुसरा आक्षेप म्हणजे नंतरचे पीठ आधीच्यापेक्षा शहाणे कशावरून? तसे नसतेच. म्हणून निव्वळ मत बदलले एवढ्यावर काही उघडू नये. आधी नसलेला कागद, आधी नसलेला कायदा किंवा दुसऱ्या निकालाने खोटा पडलेला पुरावा, असे काहीतरी हाताला लागायला हवे. तिसरा आक्षेप दयेच्या अधिकाराचा. राष्ट्रपती पुरावा नव्याने पाहू शकतात, हे १९८८ मध्ये केहरसिंग प्रकरणात न्यायालयाने मान्य केले आहे. मग वेगळी वाट कशाला? कारण दया ही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, बंद खोलीत, कारणे न देता होते. निठारीच्या कैद्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी नाकारला होता, हे विसरता येत नाही. आणि दया मिळाली तरी दोष तसाच राहतो. निर्दोष माणसाला माफी देणे हा त्याचा आणखी एक अपमान आहे. राहिला याचिकांच्या पुराचा प्रश्न. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत सहा निरपराध माणसांनी सोळा वर्षे कैद भोगल्यावर १९९५ चा कायदा झाला आणि १९९७ पासून एक स्वतंत्र आयोग संपलेल्या खटल्यांची छाननी करतो. आयोग स्वतः निकाल बदलत नाही. दम असलेले प्रकरण तो अपील न्यायालयाकडे पाठवतो आणि बहुतेक अर्ज दारातच परत जातात. त्या आयोगाच्या संथपणावर तेथे टीका पुष्कळ होते, पण तो बंद करा असे म्हणणारे फार थोडे.

आपल्याकडे अशी वाट लिहून काढायची संधी नुकतीच येऊन गेली. तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाले. कलम ३६२ चे ४०३ झाले, मजकूर बदलला नाही. अंतिम निकालानंतर नवा पुरावा सापडला तर काय, यावर एक ओळही आली नाही. दयेच्या अर्जासाठी मात्र कलम ४७२ नवे घालण्यात आले. अर्ज तीस दिवसांत करावा, केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवावी, असे त्यात आहे आणि हा भाग चांगला आहे. पण त्याच कलमाचे शेवटचे पोटकलम म्हणते, की राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील नाही आणि तो निर्णय कसा घेतला याची चौकशीही कोणत्याच न्यायालयात होणार नाही. हे शब्द जसेच्या तसे लावले, तर कोल्हापूर, पुणे आणि निठारी या तिन्ही प्रकरणांत उच्च न्यायालयांनी जे केले ते यापुढे करता येणार नाही. साध्या कायद्याने घटनेचा अधिकार आटत नाही, असे न्यायालय म्हणेल अशी शक्यता दाट आहे. पण ते म्हणवून घ्यायला आधी कुणातरी कैद्याचा अर्ज नाकारला जावा लागेल, फाशीची तारीख निघावी लागेल आणि ती उजाडण्याआधी त्याच्या वतीने कुणीतरी दिल्लीत पोचावे लागेल.